भरणीचा दोष

मी आयुष्यात पुष्कळ कागद काळे केले. त्यांतल्या बहुतेकांचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पण एका कागदावरच्या तीन ओळी मला अजून तोंडपाठ आहेत, आणि त्या आठवल्या की या वयातही माझे कान तापतात. वर्ष सांगत बसत नाही. युद्ध चालू होतं, एवढं पुरे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पुण्यात रसायनशास्त्र शिकलेला, आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. लोणावळ्याच्या अलीकडे, रुळांना लागूनच, ॲसिडचा एक कारखाना उभा राहत होता. वीज जवळ, पाणी जवळ, आणि देहूरोडच्या लष्करी डेपोंकडे माल न्यायला वॅगनी दारात. विलायतेहून यंत्रं येणं बंद पडलेलं, त्यामुळे जे काय हवं ते इथंच बनवायचं होतं. त्या कारखान्याचं काळीज म्हणजे एक मोठं लोखंडी पिंप. आम्ही कागदावर त्याला कन्व्हर्टर म्हणत असू आणि बाकी सगळे म्हणत भांडं. त्या भांड्याचा आराखडा माझ्या वाट्याला आला होता.

भांड्याचं काम सांगायला सोपं आहे. गंधक जाळला की घशाला ठसका लावणारा वायू निघतो. तो हवेत मिसळून, चांगला तापवून, एका खास गोळ्यांच्या थरातून नेला की त्याचं रूप बदलतं आणि पुढे त्याचं ॲसिड करता येतं. गोळ्या स्वतः झिजत नाहीत की खर्ची पडत नाहीत. नुसत्या बसून दुसऱ्याकडून काम करवून घेतात, आमच्या घरातल्या काही वडीलधाऱ्यांसारख्या. भांडं दोन पुरुष उंच आणि एका खोलीएवढं रुंद. तळाशी जाळी, जाळीवर गारगोटीचे खडे, आणि त्यावर कमरेइतका गोळ्यांचा थर. सगळी मेख त्या थरात. वायू थराच्या प्रत्येक भागातून सारखा गेला पाहिजे. कुठे मोकळी वाट सापडली तर तो तिथूनच पळ काढतो आणि जसाच्या तसा धुराड्यातून बाहेर पडतो.

थर किती जाड हवा, वायूचा वेग किती हवा, जाळीला किती भोकं, हे सगळं मी चार महिने बसून काढलं. लोणावळ्यात एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये माझी खोली होती. पावसाळ्यात तिथे कागद इतके सर्दावत की पेन्सिलीची रेघ उमटण्याऐवजी रुतायची. मी कंदिलाच्या काचेवर कागद शेकून आकडेमोड करायचो, आणि उत्तर जुळलं की एकटाच शीळ घालायचो. माझ्या गणितात सगळ्या गोळ्या एका मापाच्या होत्या. प्रत्यक्षात त्या आमच्याच शेडमध्ये हातयंत्रावर पाडलेल्या होत्या. काही हरभऱ्याएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि तळाशी बराचसा चुरा. हे मला माहीत होतं. मी ते किरकोळ समजलो.

गोळ्या वाळवायला आणि भांड्यात भरायला अकरा बायका होत्या, कामशेतच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या. त्यांच्या पुढारीणबाईला सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. पन्नाशी उलटलेली, हाडापेरानं मोठी, बोलणं कमी. या बाईला तिच्या भागात एक मान होता. सुगी संपली की घरोघरच्या कणग्या भरायला तिला बोलावणं यायचं. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली उंच कोठी. मावळातल्या दमट हवेत वर्षाचं भात त्यात टिकवायचं म्हणजे ती नीट भरावी लागते. मावशीनं भरलेल्या कणगीला भुंगा लागत नाही, असं लोक म्हणायचे. तिला त्यासाठी नारळ आणि खण मिळे. मला हे ती कामावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुकादमानं सांगितलं होतं, आणि मी हसून सोडून दिलं होतं.

त्या बायकांचं गोळ्यांशी वागणं मात्र मी बारकाईनं पाहत असे. शेडमध्ये निखाऱ्याच्या शेगड्यांवर बांबूचे तट्टे टांगून गोळ्या वाळत घातलेल्या असत, कारण लोणावळ्याची हवा लागली की त्या मऊ पडत. पिवळसर तांबूस रंगाच्या त्या गोळ्या बायका सुपानं उलटवायच्या. एखादी खाली सांडली तर उचलून कपाळाला लावायच्या. हे धान्य नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण सुपात आलं, हातानं राखलं, त्याला पाय लागू द्यायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

भांडं भरायचा दिवस ठरला. भरणीसाठी मी एक खास पत्र्याचं नसराळं बनवून घेतलं होतं, भांड्याच्या बरोब्बर मधोमध खाली सोडलेल्या लांब नळीसकट. वरून गोळ्या टाकल्या की नळीतून अलगद उतरतील, उंचावरून पडून फुटणार नाहीत. मधे ढीग होईल, तो लाकडी फावडीनं सारखा केला की झालं. मला त्या नसराळ्याचा फार अभिमान होता.

मावशीनं ते पाहिलं. नळीत डोकावली, मग भांड्यात डोकावली आणि माझ्याकडे आली.

"सायेब, येका जागी ओतू नका."

"का?"

"येका जागी वतलं की ढीग हुतोय. भरला दाना घरंगळत कडंला जातोय, चुरा मदीच बसतोय. वरनं सारकं दिसतंय, पर कडंला पोकळ ऱ्हातं. कनगीत तितनंच दमट वारा शिरतो न् भुंगा लागतो."

"मग कसं भरायचं?"

"आत बसून. घमेल्यानं, चारी अंगानं, हातानं पसरत. येक थर बसला की मग दुसरा. आमी बसतो की आत. फळी टांगून द्या तेवढी."

मी म्हणालो, "मावशी, हे भात नाही."

आजूबाजूचे फिटर हसले. मीही हसलो, आणि तिच्या तोंडावरच हसलो. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "व्हय, भात न्हाई ते." बस्स. वाद घालणाऱ्यातली ती नव्हतीच.

आज लिहिताना वाटतं, नुसतं गणितच पुन्हा बघितलं असतं तरी तिचं म्हणणं पटलं असतं. लहान-मोठे दाणे एका जागी ओतले की वेगळे होतात, हे कळायला पदवी लागत नाही, सूप हातात धरलेलं असावं लागतं. पण मुंबईहून मोठे साहेब दोन दिवसांनी येणार होते. आत बायका बसवून घमेली उपसायची म्हणजे चार दिवसांचं काम. शिवाय खरं सांगायचं तर, एका अडाणी बाईच्या सांगण्यावरून नसराळं बाजूला ठेवायचं, हे मला झेपलं नसतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी लहानपणी पाटीवर गिरवली होती. गिरवली तेवढीच.

नसराळ्यानं भरणी झाली. ढीग सारखा करायला कुणीतरी आत उतरणं भाग होतं. मावशीनं फळी मागून घेतली, ती दोन दोरांनी आडवी टांगली, आणि दोघी जणी त्या फळीवर ओणव्या होऊन फावडीनं थर सपाट करू लागल्या. उतरण्याआधी मावशीनं थराला हात लावून कपाळाला लावला. एकदा दुसऱ्या बाईचा पाय घसरून थराकडे लोंबकळला, तर मावशीनं तिला अशी झापली की भांड्यात आवाज घुमला. "पाय वर घे! दिसत न्हाई का खाली काय हाय ते?" मी वरच्या कडेला उभा राहून हे डोळ्यांनी पाहिलं. हे पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. त्या दिवशी कुणाचाही पाय त्या थराला लागला नव्हता, आणि ते मला माहीत होतं.

साहेब आले. भांडं तापवलं आणि वायू सोडला. अर्ध्या तासात धुराड्यातून ठसका लावणारा ढग निघू लागला. याचा अर्थ वायू न बदलताच बाहेर पडत होता. आम्ही वेग कमी केला, आच वाढवली, झडपा फिरवल्या. काही उपयोग झाला नाही. खालच्या अंगाला भात फुलोऱ्यावर होतं, ढग तिकडे उतरला. दोन दिवसांत बांधाकडच्या पातींची टोकं पिवळी पडली आणि शेतकरी फाटकाशी येऊन उभे राहिले.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. शांतपणे विचारलं, "दोष रचनेचा आहे, की भरणीचा?"

त्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. रचना माझी होती, भरणी त्यांची. रचना चुकली म्हणालो तर लवकरच उभारायच्या दुसऱ्या भांड्याचं काम दुसऱ्याकडे जाणार, आणि मी पुन्हा कुठल्यातरी शाळेत मुलांना लिटमस दाखवत बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. मावशीचे शब्दही तिथेच, कानाशी होते. नसराळंही माझ्या रचनेतच होतं. मी म्हणालो, "भरणीचा."

"लिहून द्या."

मी लिहिलं. भरणी करणाऱ्या स्त्री मजुरांनी सूचना डावलून थर पायदळी तुडवला. त्यामुळे गोळ्या फुटून त्यांचा चुरा झाला. सबब वायूचा मार्ग असमान झाला. तीन ओळी. पायदळी हा शब्द मी का वापरला? कारण तो पटण्यासारखा होता. अनवाणी बायका, मातीतलं काम, दिला असेल पाय! साहेबांनी एकदा वाचून मान हलवली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं झालं. फरक इतकाच की अंगणाला नोकरी जाण्याची भीती नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणींना आवारात उभं केलं. कामावरून कमी करायचं म्हणजे कारण वाचून दाखवायचं आणि खाली अंगठा घ्यायचा, असा नियम होता. कारकून रजेवर, म्हणून वाचायला मीच. मी मान खाली घालून भरभर वाचलं. वाचून झालं. बाकीच्या जणी मावशीकडे बघत राहिल्या.

मावशी पुढे आली. म्हणाली, "कामावरनं काढताय, काढा. काम काय, आज हाय उद्या न्हाई. पर आमी पाय दिला, ह्ये पुसा."

मी शाईची डबी पुढे सरकवली.

"सायेब, तुमी वर हुबं हुता. तुमी बघितलंय. लोकं माज्या हातनं कनगी भरून घेत्यात. पाय दिला म्हनल्यावर कोन बोलवंल मला?"

मी म्हणालो, "मावशी, कागद वर गेला. आता माझ्या हातात काही नाही."

कागद माझ्या हातातच होता. त्यातूनच तर वाचत होतो. तिला वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं की. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवला. तो काळा ठसा माझ्या सहीच्या शेजारी पडला.

मला त्या वेळी शरम वाटली नाही, असं म्हणून मी स्वतःला आणखी वाईट रंगवणार नाही. वाटली. पण ती मी खाणावळीत जेवताना वाटून घेतली, आणि जेवण पुरं केलं.

मग भांडं रिकामं करायचं काम निघालं, ते मी स्वतःच्या देखरेखीखाली केलं. मधल्या आणि कडेच्या गोळ्या वेगवेगळ्या पोत्यांत काढून चाळून पाहिल्या. मधे सगळा चुरा आणि ज्वारीएवढ्या गोळ्या, कडेला सगळ्या हरभऱ्याएवढ्या. मधला थर गच्च, आणि कडेनं वायूला मोकळं रान. ताजी फुटलेली गोळी शोधून सापडेना. तिनं सांगितलं होतं तसंच, शब्दन् शब्द तसंच. 

यानंतर तरी मी कागद बदलायला हवा होता. बदलला नाही. फळ्या टांगल्या, नवे गडी आत बसवले, गोळ्या आधी चाळून घेतल्या, आणि घमेल्यानं चारी अंगांनी, हातानं पसरत, थरावर थर भरून घेतले. चार दिवस लागले. भांडं चालू केलं तेव्हा धुराड्यातून नुसती गरम हवा निघाली. साहेबांनी पाठ थोपटली आणि काय बदल केला ते विचारलं. मी म्हणालो, "भरणी शास्त्रशुद्ध केली." दुसऱ्या भांड्याच्या आराखड्यावर मी त्या पद्धतीचं वेगळं टिपण जोडलं, खाली माझी सही केली. दुसऱ्याच्या ताटातलं जेवून वर ढेकर देण्याचा हा प्रकार. त्या टिपणाची सगळ्यांनी तारीफ केली.

मावशीचं पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. देहूरोडच्या डेपोत कामाला बायका घेत होते, पण तिथेही माणसं पुरवणारा ठेकेदार आमच्याच कारखान्याचा, आणि त्यानं या अकरा जणींना नाही म्हटलं. ते मी मनातल्या मनात सोसलं. मग एकदा वडगावच्या बाजारात तो जुना मुकादम भेटला. सहज म्हणाला, "त्या मावशीला आता कुनी कनगी भरायला बोलवत न्हाई. सायबानं कागदावं लिवलंय म्हनत्यात, दान्यावं पाय दिला म्हनून." गोळ्यांचे दाणे कुठेतरी वाटेतच झाले होते. मी त्याला विड्या घेऊन दिल्या आणि विषय बदलला.

युद्ध संपल्यावर मला मुंबईला चांगली जागा मिळाली. राजीनामा दिला, सामान बांधलं, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरलो. वाडीपर्यंत दीड तास चढ. वाटभर मी बोलायचं काय ते जुळवत होतो, आराखडा जुळवायचो तसंच. मार्गशीर्षातलं ऊन होतं. कापणी-मळणी उरकलेली, घरोघर अंगणात भात वाळत घातलेलं. वाडीत विचारलं तर एका म्हाताऱ्या आबांनी हातानंच शेवटचं घर दाखवलं.

मावशी दारातल्या ओट्यावर बसून सुपानं भात पाखडत होती. आत एक छोटी कणगी दिसत होती, तिच्या स्वतःच्या घरची. तिनं मला ओळखलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी अंगण ओलांडून पुढे झालो आणि ती काही बोलायच्या आत बोलून टाकलं.

"मावशी, चुकलो. तुम्ही सांगितलं तेच खरं होतं. थर मी उपसून बघितला. तुम्ही पाय दिला नव्हता."

"मला ठावं हाय न्हवं का ते," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "त्या कागदावरचं पुसलं का?"

"नाही."

"आता पुसता?"

"मी तिथली नोकरी सोडली. पण पत्र लिहीन. खरं काय ते सगळं कळवीन साहेबांना."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंजी आता लिवलं तर तुमचं काय जात न्हाई."

"तसं नाही, मावशी..."

"जवा जात हुतं तवा लिवायचं हुतं."

 मी जुळवून आणलेलं सगळं विसरलो. नुसता उभा राहिलो आणि म्हणालो, मला लाज वाटते. हे मी खरं बोललो, कदाचित त्या सगळ्या प्रकरणातलं पहिलंच. पण ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती. मग म्हणाली,

"पाय काढा, सायेब. भातावं हाय."

मी खाली पाहिलं. बोलण्याच्या घाईत मी बुटांसकट सरळ तिच्या वाळत घातलेल्या भातात येऊन उभा होतो. उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत अंगण पिवळंधमक, आणि माझ्यामागे बुटांचे ठसे ओळीनं.

मी पाय उचलला. एक बाजूला ठेवला, तिथेही भात होतं. ती उठली, वाकली, माझ्या टाचेखालचे दाणे वेचले, कपाळाला लावले आणि सुपात टाकले.